ॲक्यूट ल्युकेमियात रक्तातील रसायने का बदलतात? पोटॅशियम, युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिनचे रिपोर्ट समजून घ्या

ॲक्यूट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर, असे निदान झाले की घरातील सगळ्यांचे लक्ष दोन आकड्यांवर खिळते. पांढऱ्या पेशी किती? प्लेटलेट्स किती? हे आकडे महत्त्वाचे आहेतच. पण त्याच दिवशी रक्ताची आणखी एक नळी प्रयोगशाळेत गेलेली असते. तिच्या रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि एलडीएच अशी नावे असतात. पहिल्या आठवड्यात रुग्णाच्या जिवाला धोका आहे की नाही, हे बऱ्याचदा या दुसऱ्या रिपोर्टवरून ठरते.

"आधीच अंगात रक्त नाही, मग दिवसातून तीन-तीनदा रक्त का काढता?" हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. तो रास्तही आहे. त्याचे उत्तर नीट समजले तर उपचारात तुमची मोठी मदत होते, म्हणून हा लेख.

आजार थोडक्यात

हाडांच्या आतील मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, रक्तपेशी तयार होतात. ॲक्यूट ल्युकेमियात तिथे अपरिपक्व पेशी बेसुमार वाढू लागतात. त्यांना 'ब्लास्ट' म्हणतात. त्या ना जंतूंशी लढतात, ना वेळेवर मरतात. मगजातील जागा त्यांनी व्यापल्याने हिमोग्लोबिन, चांगल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी होतात. त्यातून फिकटपणा, ताप, हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर निळे-लाल डाग आणि हाडे दुखणे ही लक्षणे दिसतात.

याचे मुख्य दोन प्रकार आहेत. एएलएल मुलांमध्ये जास्त आढळतो आणि आज योग्य उपचारांनी मोठ्या प्रमाणात बरा होतो. एएमएल मोठ्या माणसांत जास्त दिसतो. एपीएमएल हा एएमएलचाच एक उपप्रकार. त्यात सुरुवातीला रक्तस्रावाचा धोका फार असतो, पण ते दिवस निभावले तर बरे होण्याची शक्यताही उत्तम असते.

पेशी फुटते तेव्हा काय होते?

आपल्या शरीरातील पेशी म्हणजे भरलेली छोटी पोती समजा. पोटॅशियम पेशीच्या बाहेर, रक्तद्रवात, अगदी थोडे असते. पेशीच्या आत ते सुमारे तीस-पस्तीस पट जास्त असते. फॉस्फरसचा साठाही आतच. पेशीच्या केंद्रकातील डीएनए तुटला की शेवटी त्याचे युरिक ॲसिड बनते.

रोज काही पेशी मरतात आणि मूत्रपिंडे हा कचरा लघवीवाटे बाहेर टाकतात. पण ल्युकेमियात पेशींची संख्या प्रचंड असते. औषध लागू पडले की त्या एकदम लाखो-कोटींनी फुटतात. सगळा माल एकाच वेळी रक्तात सांडतो आणि मूत्रपिंडांना तो उपसता येत नाही. या अवस्थेला 'ट्युमर लायसिस सिंड्रोम' म्हणतात. काही रुग्णांत औषध सुरू होण्याआधीच ती आपोआप सुरू झालेली असते.

म्हणजे ही गुंतागुंत पुष्कळदा औषध काम करत असल्यामुळे होते. कॅन्सर हटत असतानाच रुग्ण धोक्यात येऊ शकतो, हे घरच्यांना सांगितले नाही तर "औषधानेच बिघडवले" असा समज होतो.

रिपोर्टमधील एकेक नाव

खालील आकडे मार्गदर्शनापुरते आहेत. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी वेगळी असते, ती रिपोर्टवर शेजारीच छापलेली असते.

• पोटॅशियम (साधारण ३.५ ते ५): सर्वांत तातडीचा आकडा. तो ६ च्या वर गेला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि रुग्णाला आधी काही जाणवेलच असे नाही. म्हणून लगेच ईसीजी काढतात.

• युरिक ॲसिड (मोठ्यांत साधारण ७ पर्यंत, मुलांत त्याहून कमी): हे फार वाढले की मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत त्याचे खडे साचतात आणि लघवी कमी होते.

• फॉस्फरस (मोठ्यांत साधारण २.५ ते ४.५, मुलांत थोडे जास्त): एएलएलच्या ब्लास्ट पेशींत फॉस्फरस निरोगी लिम्फोसाइटच्या चौपटीपर्यंत असू शकतो. म्हणून एएलएलमध्ये तो जास्त उसळतो.

• कॅल्शियम (साधारण ८.५ ते १०.५): वाढलेला फॉस्फरस कॅल्शियमला चिकटतो, म्हणून हा आकडा खाली येतो. ओठांभोवती मुंग्या, बोटे वाकडी होणे, पेटके येणे आणि कधी झटके ही त्याची लक्षणे.

• क्रिएटिनिन: मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा. मुलांच्या बाबतीत इथे फसगत होते. चार वर्षांच्या मुलाचे क्रिएटिनिन ०.९ आले तर मोठ्यांच्या मर्यादेत ते 'नॉर्मल' दिसते. प्रत्यक्षात त्या वयाला ते दुपटीच्या आसपास असते.

• एलडीएच: पेशी किती झपाट्याने तयार होत आणि मरत आहेत याचा अंदाज देते. ते फार वाढलेले असेल तर ट्युमर लायसिसचा धोका जास्त. मात्र इतर अनेक आजारांतही ते वाढते. एकट्या एलडीएचवरून कॅन्सरचे निदान होत नाही.

• फायब्रिनोजन, पीटी आणि डी-डायमर: रक्त गोठण्याच्या तपासण्या. एपीएमएलमध्ये त्या दिवसातून एकापेक्षा जास्त वेळाही कराव्या लागतात.

युरिक ॲसिड ८ किंवा जास्त, पोटॅशियम ६ किंवा जास्त, फॉस्फरस मोठ्यांत ४.५ आणि मुलांत ६.५ किंवा जास्त, कॅल्शियम ७ किंवा कमी, यांपैकी दोन गोष्टी एकत्र आढळल्या तर डॉक्टर रिपोर्टवरून ट्युमर लायसिस मानतात. त्यासोबत क्रिएटिनिन वाढले, हृदयाची लय बिघडली किंवा झटका आला तर प्रकरण गंभीर झाले असे समजायचे. उपचार सुरू होण्याच्या तीन दिवस आधीपासून ते सुरू झाल्यानंतर सात दिवसांपर्यंतचा काळ यासाठी जोखमीचा धरतात. रोज पुन्हा पुन्हा रक्त तपासण्याचे कारण हेच.

धोका कोणाला जास्त?

पांढऱ्या पेशी एक लाखाच्या आसपास किंवा वर असलेले रुग्ण, खूप वाढलेले एलडीएच, मोठी झालेली प्लीहा किंवा गाठी, आधीपासूनचा मूत्रपिंडाचा त्रास आणि शरीरातील पाणी कमी झालेले असणे. यातले शेवटचे कारण आपल्या हातात असते. ताप, उलट्या आणि न जेवणे यांमुळे निदान होईपर्यंत रुग्ण बऱ्याचदा कोरडा पडलेला असतो.

निदानाआधी स्टिरॉइड नको

हा भाग कृपया लक्षपूर्वक वाचा. लहान मुलाचे सांधे किंवा हाडे दुखतात, ताप उतरत नाही, मूल लंगडते. अशा वेळी 'वातावर' म्हणून किंवा 'लवकर आराम पडावा' म्हणून स्टिरॉइडचे इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या जातात. डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोन ही त्यांची नेहमीची नावे.

एएलएलच्या पेशी स्टिरॉइडने मरतात. ते त्या आजाराच्या उपचाराचेच औषध आहे. म्हणून दोन दिवस मुलाला बरे वाटते. पण त्याच वेळी सलाईन नाही, तपासणी नाही, देखरेख नाही, अशा स्थितीत घरी ट्युमर लायसिस सुरू होऊ शकतो. दुसरे नुकसान म्हणजे ब्लास्ट पेशी तात्पुरत्या कमी झाल्याने निदान लांबते आणि आजाराचा प्रकार व गंभीरता ठरवणे अवघड होते.

म्हणून कारण न कळलेला ताप, फिकटपणा आणि हाडदुखी एकत्र असेल तर आधी सीबीसी आणि स्मिअर करून घ्या. साधी, स्वस्त तपासणी आहे आणि गावातही होते. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "यात स्टिरॉइड आहे का?" आधी घेतले असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांपासून ते लपवू नका. चिठ्ठी किंवा औषधाचे पाकीट सोबत न्या.

आकडा खरा की नळीतला?

जयसिंगपूर, शिरोळ किंवा कुरुंदवाडमध्ये काढलेले रक्त कधी कधी पुढील तपासणीसाठी सांगली, मिरज किंवा कोल्हापूरला पाठवतात. त्यात काही तास जातात. ल्युकेमियात याचे दोन विचित्र परिणाम होऊ शकतात.

पहिला, खोटे वाढलेले पोटॅशियम. ब्लास्ट पेशी नाजूक असतात. रक्त जोरात ओढले, नळी हादरली किंवा बराच वेळ तशीच राहिली, तर पेशी नळीतच फुटतात. रुग्णाच्या शरीरात पोटॅशियम ४.५ असते आणि रिपोर्टमध्ये ७ येते. दुसरा, खोटी कमी साखर. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर असतील तर त्या नळीतील ग्लुकोज खाऊन टाकतात. रुग्ण शुद्धीवर, बोलतो आहे आणि रिपोर्टमध्ये साखर ३० येते.

अशा वेळी डॉक्टर ईसीजी काढतात, ग्लुकोमीटरवर बोटातून साखर पाहतात आणि ताजा नमुना लगेच तपासायला पाठवतात. "पुन्हा पैसे का?" असे वाटू शकते. पण खोट्या आकड्यावर पोटॅशियम उतरवणारी औषधे दिली तर खरे पोटॅशियम धोकादायक खाली जाऊ शकते. उलट, वाढलेला आकडा खोटाच असेल असे घरी बसून ठरवू नका. तो खरा धरूनच धावपळ करायची आणि खोटा आहे हे तपासणीने सिद्ध करायचे.

उपचार: पाणी सर्वांत आधी

सलाईन हे इथले पहिले औषध आहे. शरीराच्या आकारमानानुसार दिवसाला कित्येक लिटर द्रव शिरेतून देतात, जेणेकरून लघवी भरपूर होईल आणि कचरा वाहून जाईल. या सलाईनमध्ये सुरुवातीला पोटॅशियम घालत नाहीत. किती दिले आणि किती लघवी झाली याचा हिशेब ठेवतात. वृद्ध किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना जास्त द्रवाने दम लागू शकतो, म्हणून वजनही रोज पाहतात.

ॲलोप्युरिनॉलची गोळी नवीन युरिक ॲसिड तयार होणे थांबवते. आधीच तयार झालेले मात्र ती काढत नाही, म्हणून शक्यतो केमोथेरपीच्या आधीच सुरू करतात. या औषधामागची शास्त्रज्ञ जोडी होती गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज. ल्युकेमियावरील मर्कॅप्टोप्युरिन हे औषधही त्यांच्याच प्रयोगशाळेतले. त्यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यातली रुग्णाच्या कामाची गोष्ट अशी: ॲलोप्युरिनॉल मर्कॅप्टोप्युरिनचे शरीरातील विघटनही रोखते. दोन्ही एकत्र घेतली तर मर्कॅप्टोप्युरिनचा विषारी परिणाम होऊ शकतो आणि त्याचा डोस बराच कमी करावा लागतो. घरात कोणाची गाऊटची गोळी उरली आहे म्हणून ती रुग्णाला देऊ नका.

रास्ब्युरिकेज हे इंजेक्शन तयार झालेले युरिक ॲसिडच तोडते, तेही काही तासांत. ते महाग आहे, म्हणून आपल्याकडे अनेक ठिकाणी १.५ मिलिग्रॅमची एक बाटली देऊन आकडा पाहतात आणि गरज असेल तरच पुढचा डोस देतात. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांना हे इंजेक्शन देत नाहीत, कारण लाल पेशी फुटतात. घराण्यात कोणाला मलेरियाच्या गोळीने काविळीसारखा त्रास झाला असेल तर जरूर सांगा. हे इंजेक्शन दिल्यानंतरचा रक्ताचा नमुना बर्फात ठेवून नेतात. नाहीतर औषध नळीतही काम करत राहते आणि आकडा खोटा कमी येतो.

इतके करूनही पोटॅशियम उतरत नसेल किंवा लघवी बंद झाली तर डायलिसिस करतात. "डायलिसिस म्हणजे किडनी कायमची गेली" असा समज चुकीचा आहे. ट्युमर लायसिसमध्ये बहुतेकदा ते काही दिवसांपुरते लागते.

कॅल्शियम कमी आले तरी त्रास नसेल तर डॉक्टर ते मुद्दाम देत नाहीत. फॉस्फरस जास्त असताना कॅल्शियम दिले तर दोघांचे मिळून खडे बनतात. म्हणून घरची कॅल्शियमची गोळी सुरू करू नका.

फॉस्फरसच्या तपासणीमागचे भारतीय नाव

रक्तातील फॉस्फरस मोजण्याची प्रसिद्ध पद्धत १९२५ साली सायरस फिस्क आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी शोधली. सुब्बाराव मूळचे आंध्रचे. पुढे अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत त्यांच्या चमूने ॲमिनोप्टेरिन तयार केले. बोस्टनच्या डॉ. सिडने फार्बर यांनी ते ल्युकेमियाच्या मुलांना दिले आणि १९४८ मध्ये काही मुलांत आजार तात्पुरता हटल्याचे प्रसिद्ध केले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही एएलएलच्या उपचारात वापरले जाते.

पुढच्या महिन्यांत होणारे बदल

पहिला आठवडा पार पडला की धोका संपला असे नाही. आता औषधांमुळे आकडे बदलतात.

• स्टिरॉइड: साखर वाढते. आधी मधुमेह नसलेल्यालाही काही दिवस इन्सुलिन लागू शकते.

• ॲस्पॅराजिनेज: अल्ब्युमिन आणि फायब्रिनोजन कमी होतात, ट्रायग्लिसराइड वाढतात, यकृताचे आकडे बिघडतात. पोटात, पाठीपर्यंत जाणारी तीव्र कळ आली तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. त्यासाठी अमायलेज आणि लायपेज तपासतात.

• व्हिन्क्रिस्टिन: सोडियम कमी होऊ शकते. गुंगी, गोंधळ किंवा झटका आल्यास सोडियम पाहतात. बुरशीविरोधी काही औषधांसोबत हा त्रास वाढतो.

• मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस: क्रिएटिनिनवर लक्ष ठेवावे लागते. त्या दिवसांत वेदनाशामक गोळ्या आणि पॅन्टोप्राझोलसारखी आम्लपित्ताची गोळीही विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यांमुळे औषध शरीरात साचते.

• एपीएमएलमध्ये आर्सेनिक: इथे पोटॅशियम ३.६ असले तरी डॉक्टर ते वाढवायला औषध देतात. हृदयाची लय सुरक्षित राहावी म्हणून पोटॅशियम ४ च्या वर आणि मॅग्नेशियमही पुरेसे हवे असते.

• पोटॅशियम कमी होणे: एएमएलच्या काही प्रकारांत, तसेच जुलाब किंवा ॲम्फोटेरिसिनमुळे, आकडा उलट खाली जातो. म्हणजे त्याच रुग्णाला पहिल्या आठवड्यात पोटॅशियम वर्ज्य आणि तिसऱ्या आठवड्यात द्यावे लागते, असे होऊ शकते.

घरच्यांनी काय करावे?

१. शहाळे घेऊन येण्याआधी विचारा. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे, केळी, मोसंबीचा रस नेण्याची आपल्याकडे रीत आहे. या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर असते. पहिल्या आठवड्यात ते टाळावे लागू शकते.

२. लघवी मोजा. मापाचे भांडे वापरा आणि वेळेसह वहीत लिहा. लघवी कमी झाल्याचे सर्वांत आधी घरच्यांच्याच लक्षात येते.

३. ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. मूत्रपिंडे आणि प्लेटलेट्स दोघांनाही त्या घातक. तापासाठीही आधी डॉक्टरांना विचारा.

४. खायचा सोडा पाण्यात घालून देऊ नका. लघवी अल्कधर्मी केल्याने युरिक ॲसिड विरघळते, पण फॉस्फरसचे खडे वाढतात.

५. पपईच्या पानांचा रस, भस्मे किंवा काढे या आजारावरचा उपचार नाहीत. यकृत आणि मूत्रपिंडाचे आकडे बिघडले तर कारण शोधणे अवघड होते.

६. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा. एकटा आकडा कमी सांगतो. तो चढतो आहे की उतरतो आहे, हे जास्त सांगते.

"थेट टाटालाच नेतो" म्हणण्याआधी

निदान कळताच त्याच रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठायची, ही आपल्या भागातील नेहमीची धडपड. परळचे टाटा मेमोरियल १९४१ पासून कॅन्सर रुग्णांचा आधार आहे आणि तिथे जाण्यात गैर काही नाही. पण रेल्वेत दहा-बारा तास ना सलाईन, ना ईसीजी. पोटॅशियम ६.५ असलेल्या रुग्णासाठी हा प्रवास जीवघेणा ठरू शकतो.

निघण्याआधी पोटॅशियम, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, फॉस्फरस, कॅल्शियम आणि रक्त गोठण्याची तपासणी करून घ्या. आकडे बिघडलेले असतील, रक्तस्राव किंवा दम लागत असेल, तर आधी मिरज-सांगली किंवा कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयात दाखल करून स्थिर करा. एक-दोन दिवस उशीर झाला तरी चालेल. पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून दिलेली औषधे आणि सलाईन लिहिलेली चिठ्ठी घ्या. खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात.

ताबडतोब रुग्णालय गाठा

• सहा-आठ तासांत लघवी झालेली नाही किंवा अगदी थोडी झाली

• छातीत धडधड, चक्कर, बेशुद्धी

• हातपाय एकदम गळून जाणे, पेटके, बोटे वाकडी होणे, झटका

• दम लागणे, गोंधळलेले बोलणे, तीव्र डोकेदुखी

• १०० अंशांच्या वर ताप किंवा थंडी वाजणे

• कुठूनही न थांबणारे रक्त

गाडीची सोय नसेल तर १०८ वर फोन करा आणि "रक्ताचा कॅन्सर, केमो सुरू आहे" हे सुरुवातीलाच सांगा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*युरिक ॲसिड वाढले म्हणजे ल्युकेमिया असतो का?*
नाही. बहुतेकांत ते गाऊट, मूत्रपिंडाचा त्रास, औषधे किंवा वजनामुळे वाढते. सीबीसी नॉर्मल असेल तर ल्युकेमियाची भीती बाळगू नका.

*सतत रक्त काढल्याने रुग्ण अशक्त होतो का?*
एका वेळी काही मिलिलिटरच रक्त जाते. लहान मुलांसाठी कमी रक्ताच्या छोट्या नळ्या वापरतात. हिमोग्लोबिन कमी झालेच तर रक्त चढवता येते. पण न तपासलेले पोटॅशियम हृदय थांबवू शकते.

*आकडे नॉर्मल झाले म्हणजे कॅन्सर गेला का?*
नाही. याचा अर्थ शरीर उपचार पेलण्याइतके सावरले. आजार हटला का, हे बोन मॅरोच्या तपासणीवरून ठरते.

*पहिल्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांना काय विचारावे?*
तीन प्रश्न पुरेत. आजचे पोटॅशियम किती? लघवी पुरेशी होते आहे का? क्रिएटिनिन कालपेक्षा वर आहे की खाली? या तीन उत्तरांवरून त्या दिवसाची परिस्थिती तुम्हाला कळेल.

*हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या रुग्णाचे निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.*